अणुवीज केंद्रांमधील प्रचालन अनुभवाची देवाणघेवाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुवीज केंद्रात काही बिघडले, चुकले किंवा थोडक्यात निभावले, तर त्याची माहिती इतर केंद्रांपर्यंत कशी पोहोचते आणि तेथे तिचे पुढे काय होते, याविषयी विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले अभियंते, पत्रकार आणि केंद्रांच्या परिसरात राहणारे नागरिक सातत्याने विचारणा करतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रचालन अनुभव म्हणजे नेमके काय? तो फक्त अपघातांपुरता असतो का?

नाही. अणुभट्टी चालवताना, तिची देखभाल करताना, इंधन बदलताना किंवा चाचण्या घेताना जे जे अपेक्षेपेक्षा वेगळे घडते, ते सर्व प्रचालन अनुभवात येते. चाचणीच्या वेळी न सुरू झालेला डिझेल जनरेटर, चुकीच्या युनिटच्या पॅनेलवर गेलेला आणि वेळीच मागे घेतलेला हात, दोन प्रकारे वाचता येईल अशी कार्यपद्धतीतील सूचना, किंवा नेहमीपेक्षा किंचित वाढलेले पंपाचे कंपन, हे सारे त्यात मोडते. खरे अपघात फारच थोडे असतात आणि केवळ त्यांच्यावरच शिकायचे ठरवले, तर शिकण्याची किंमत परवडणारी नसते. म्हणून ज्या घटनेतून कोणालाही इजा झाली नाही आणि किरणोत्सर्गही बाहेर पडला नाही, अशी घटना नोंदवणे, तिचे कारण शोधणे आणि ते इतरांना कळवणे हे या सर्व व्यवस्थेचे मुख्य काम आहे.

२. ही पद्धत कधी आणि का सुरू झाली?

अनौपचारिक देवाणघेवाण पहिल्या व्यापारी अणुभट्ट्यांपासूनच होती. तिला आजचे शिस्तबद्ध रूप मिळाले ते अमेरिकेतील थ्री माईल आयलंड केंद्रातील २८ मार्च १९७९ च्या अपघातानंतर, आणि त्याचे कारण तपशिलात समजून घेण्यासारखे आहे.

त्या पहाटे दाबनियंत्रकावरील, म्हणजे शीतक पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीवरील, दाबमुक्ती झडप उघडली आणि पुन्हा बंद झालीच नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद असल्याचे सुचवत होता, कारण तो झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता, तर तिला ‘बंद हो’ असा विद्युत आदेश गेला आहे एवढेच दाखवत होता. उघड्या झडपेतून शीतक पाणी निघून जात होते, तरी दाबनियंत्रकातील पातळी चढताना दिसत होती. यंत्रणेत पाणी जास्त झाले आहे, असे समजून प्रचालकांनी आपत्कालीन शीतक पुरवठा कमी केला. झडप दोन तासांहून अधिक काळ उघडी राहिली आणि गाभ्याचा, म्हणजे अणुभट्टीतील इंधन असलेल्या भागाचा, मोठा भाग वितळला.

दीड वर्षे आधी, २४ सप्टेंबर १९७७ रोजी, त्याच कंपनीने अणुभट्टी पुरवलेल्या, अमेरिकेतीलच डेव्हिस-बेसी केंद्रात जवळजवळ हेच घडले होते. तशीच झडप अडकली, पातळीचे तेच फसवे चित्र दिसले आणि प्रचालकांनी तसाच शीतक पुरवठा कमी केला. अणुभट्टी अल्प शक्तीवर चालत होती आणि सुमारे वीस मिनिटांत कोणाच्या तरी लक्षात येऊन मार्गावरील दुसरी झडप बंद करण्यात आली, म्हणून ते निभावले. उत्पादक कंपनीतील एका अभियंत्याला या घटनेचा अर्थ बरोबर समजला होता. पातळी चढती दिसली तरी प्रचालकांनी पुरवठा घाईने कमी करू नये, अशी स्पष्ट सूचना सर्व केंद्रांना द्यावी, असे टिपण त्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये लिहिलेही होते. ते टिपण कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारातच फिरत राहिले आणि थ्री माईल आयलंडच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचले नाही.

अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या केमेनी आयोगाने या त्रुटीवर नेमके बोट ठेवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी वीज कंपन्यांनी अटलांटा येथे ‘इनपो’ ही संस्था स्थापन केली आणि घटनांची छाननी करून त्यांतील धडे सर्व केंद्रांना कळवणे हे तिच्या पहिल्या कामांपैकी एक ठरले. अणुवीज केंद्रांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी नियामक आयोगानेही प्रचालन माहितीच्या विश्लेषणासाठी स्वतंत्र कार्यालय उभारले.

३. चेर्नोबिलच्या वेळीही आधी इशारा मिळाला होता, हे खरे आहे का?

होय. चेर्नोबिल येथे होती त्या प्रकारच्या अणुभट्टीतील नियंत्रक कांड्यांच्या (शृंखला अभिक्रिया आटोक्यात ठेवणाऱ्या कांड्यांच्या) टोकाला ग्रॅफाइटचा भाग जोडलेला असे. पूर्ण वर काढलेल्या कांड्या खाली येऊ लागल्या, की गाभ्याच्या तळाशी असलेल्या पाण्याची जागा प्रथम हे ग्रॅफाइट घेई आणि शक्ती कमी होण्याऐवजी क्षणभर तेथे वाढे. अणुभट्टी थांबवण्याच्या कृतीनेच तिला चालना मिळण्याचा हा दोष १९८३ मध्ये लिथुआनियातील, त्याच प्रकारच्या इग्नालिना केंद्राच्या पहिल्या युनिटच्या प्रारंभिक चाचण्यांत प्रत्यक्ष दिसला होता. रचनाकार संस्थेने त्याची माहिती त्या प्रकारच्या इतर केंद्रांना कळवलीही, परंतु कांड्यांमध्ये बदल झाला नाही आणि हा धोका प्रचालकांच्या सूचनांमध्ये व प्रशिक्षणात उतरला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा सल्लागार गटाने १९९२ मध्ये केलेल्या फेरतपासणीत याची स्पष्ट नोंद आहे.

थ्री माईल आयलंड आणि चेर्नोबिल या दोन केंद्रांच्या रचनेत फारसे साम्य नाही. पण दोन्ही ठिकाणी धोका आधी कोणाला तरी कळला होता, तो कागदावरही आला होता आणि ज्याच्या हाताखाली ती कळ होती त्या माणसालाच तो ठाऊक नव्हता. माहिती ‘पाठवली’ म्हणजे अनुभव ‘वाटला’ असे मी मानत नाही, ते याच कारणाने. पुढील अनेक उत्तरांत हा मुद्दा पुन्हा येईल.

चेर्नोबिलनंतर, १५ मे १९८९ रोजी मॉस्को येथे ‘वानो’ या अणुवीज केंद्रांच्या प्रचालकांच्या जागतिक संघटनेची स्थापना झाली. शीतयुद्ध पूर्ण संपलेले नसताना पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील प्रचालक एकमेकांची केंद्रे पाहण्यास आणि एकमेकांना आपल्या चुका सांगण्यास तयार झाले, ही माझ्या मते या क्षेत्रातील फार मोठी घटना होती.

४. इतक्या संस्थांची नावे ऐकू येतात. कोण काय करते?

मुख्य भेद दोन आहेत : सरकार व नियामकांमधील देवाणघेवाण, आणि प्रचालकांची आपसांतील देवाणघेवाण.

पहिल्या प्रकारात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची (ओईसीडी) अणुऊर्जा शाखा यांनी मिळून चालवलेली घटना-नोंद प्रणाली येते. ती ‘आयआरएस’ या नावाने ओळखली जाते आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अस्तित्वात आहे. प्रत्येक सहभागी देशाचा राष्ट्रीय समन्वयक तिच्यात सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या घटनांचे तांत्रिक अहवाल दाखल करतो. युरोपीय संघाने आपल्या संयुक्त संशोधन केंद्रात अशा अहवालांचे विषयवार विश्लेषण करणारी यंत्रणाही उभारली आहे.

दुसऱ्या प्रकारात वानो, अमेरिकेत इनपो, आणि एकाच रचनेच्या अणुभट्ट्या असणाऱ्यांचे मालक-गट येतात. जड पाण्यावर चालणाऱ्या कँडू अणुभट्ट्यांचा गट हे त्याचे उदाहरण. या गटांमधील चर्चा बहुधा सर्वाधिक तपशिलाची असते, कारण तीच झडप आणि तोच पंप सर्वांकडे असतो.

या सर्वांच्या मुळाशी एक कायदेशीर बंधनही आहे. १९९६ मध्ये अमलात आलेल्या अणुसुरक्षा कराराच्या कलम १९ नुसार सदस्य देशांनी महत्त्वाच्या घटना वेळेवर नियामकाला कळवल्या जातील, प्रचालन अनुभव गोळा करून त्याचे विश्लेषण होईल, निष्कर्षांवर कृती होईल आणि महत्त्वाचा अनुभव इतर देशांपर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्था करायची असते.

५. प्रत्येक केंद्राची रचना वेगळी आहे. मग दुसऱ्याच्या घटनेतून आम्ही काय शिकायचे?

यंत्रे वेगळी असली, तरी पाणी, गंज, वीज, उष्णता आणि थकलेला माणूस सर्वत्र सारखेच वागतात.

स्वीडनमधील बार्सेबेक केंद्रात २८ जुलै १९९२ रोजी एक सुरक्षा झडप नको तेव्हा उघडली आणि वाफेच्या झोताने आजूबाजूच्या नळांवरील खनिज लोकरीचे उष्णतारोधक आवरण ओरबाडून काढले. ते पाण्याबरोबर खालच्या कुंडात गेले आणि आपत्कालीन पंपांच्या तोंडाशी असलेल्या जाळ्यांवर बसले. अशा स्थितीत जाळ्या किमान दहा तास तुंबणार नाहीत, असे रचनेत गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सुमारे सत्तर मिनिटांतच त्या तुंबू लागल्या. प्रचालकांनी त्या उलट्या प्रवाहाने धुऊन घेतल्या आणि त्या दिवशी गाभ्याला धोका पोहोचला नाही. परंतु वाफेच्या झोताने आवरण निघणे आणि जाळी तुंबणे ही बाब बार्सेबेकसारख्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीपुरती मर्यादित नव्हती. स्वीडनने तशाच पाच अणुभट्ट्या बंद ठेवून जाळ्या बदलल्या, आणि पुढील दीड-दोन दशकांत जगभर, दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्येसुद्धा, मोठ्या जाळ्या बसवण्यात आल्या. (या सुधारणेतून निर्माण झालेला नवा प्रश्न उत्तर १५ मध्ये आहे.)

विजेचे उदाहरण आणखी बोलके आहे. अमेरिकेतील बायरन केंद्रात ३० जानेवारी २०१२ रोजी स्विचयार्डमधील (बाहेरून वीज येते त्या आवारातील) एक विद्युतरोधक तुटला आणि तीन फेजपैकी एक फेज गेली. संरक्षक रिले, म्हणजे विजेतील बिघाड हेरणारी उपकरणे, ही स्थिती ओळखूच शकले नाहीत, त्यामुळे वीजपुरवठा ‘आहे’ असे समजून डिझेल जनरेटर आपोआप सुरू झाले नाहीत. प्रचालकांनी दोष ओळखून बिघडलेला पुरवठा हाताने तोडला तेव्हा कुठे यंत्रणा पूर्ववत झाली. इतर केंद्रांनी आपापली संरक्षण योजना तपासली, तेव्हा हाच दोष अनेक ठिकाणी निघाला. अणुभट्टीच्या प्रकाराशी त्याचा काही संबंध नव्हता.

६. इनेस श्रेणी शून्य किंवा एक असेल, तर ती घटना कळवण्यासारखी नसते ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. इनेस ही ० ते ७ अशी श्रेणी १९९० मध्ये जनतेला घटनेचे गांभीर्य सोप्या रीतीने समजावे म्हणून आणली गेली. चेर्नोबिल आणि फुकुशिमा ७ वर, तर थ्री माईल आयलंड ५ वर आहे. ही श्रेणी काय घडले ते मोजते आणि काही प्रमाणात किती संरक्षक स्तर उरले होते तेही मोजते. त्या घटनेतून किती शिकता येईल, हे ती सांगत नाही. खालच्या श्रेणीच्या घटनेत एखादा असा दोष उघड होऊ शकतो, जो शंभर केंद्रांत दडून बसला आहे. उलट वरच्या श्रेणीच्या एखाद्या घटनेतील कारण इतके स्थानिक असू शकते, की इतरांना त्यातून फारसे काही मिळत नाही. तांत्रिक देवाणघेवाणीसाठी निकष वेगळे आहेत (प्रश्न ७).

७. मग कोणती घटना, किती वेळात कळवायची?

नियामकाला काय कळवायचे, हे प्रत्येक देशाचा नियम ठरवतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत घटनेच्या स्वरूपानुसार एक, चार किंवा आठ तासांत प्राथमिक सूचना आणि सामान्यतः साठ दिवसांत लेखी घटना अहवाल द्यावा लागतो. त्यापलीकडचे, म्हणजे नियमाच्या उंबरठ्याखालचे, केंद्राच्या स्वतःच्या विवेकावर असते आणि खरा कस तेथेच लागतो.

माझ्या मते तीन प्रश्न पुरतात. हे दुसऱ्या कोणाकडे घडू शकते का? थोडी परिस्थिती बदलली असती, तर परिणाम गंभीर झाला असता का? आणि यंत्रणा किंवा माणसे कशी वागतील याविषयीचा आपला एखादा समज यातून खोटा ठरला का? एकाचे जरी उत्तर ‘हो’ असेल, तरी ती घटना बाहेर जायला हवी. मूळ कारण पूर्ण सापडेपर्यंत थांबणे हीदेखील चूक आहे. प्राथमिक माहिती लगेच द्यावी, ती प्राथमिक आहे असे स्पष्ट लिहावे आणि नंतर पुरवणी अहवाल पाठवावा.

८. चांगला अहवाल कसा ओळखायचा?

वाचणाऱ्याला आपल्या केंद्रात नेमके काय तपासायचे हे त्यातून कळले, तर तो चांगला. घटनेपूर्वीची स्थिती, घटनाक्रम, प्रत्यक्ष कारण, मूळ कारण, हातभार लावणाऱ्या बाबी, सुरक्षेवरील परिणाम आणि केलेल्या सुधारणा हा सांगाडा सर्वत्र सारखाच असतो. त्यात जीव येतो तो प्रचालकाला त्या क्षणी काय दिसत होते हे लिहिल्याने. ‘प्रचालकाने चुकीचा निर्णय घेतला’ या वाक्यातून कोणी काही शिकत नाही. ‘दिवा आदेश दाखवत होता, झडपेची स्थिती नव्हे’ या वाक्यावरून मात्र जगातील कोणताही अभियंता आपल्या पॅनेलसमोर जाऊन असे दिवे शोधू शकतो.

‘मानवी चूक’ हे मूळ कारण म्हणून लिहिलेला अहवाल मी अपूर्णच समजतो. ती चूक त्या ठिकाणी करणे सोपे का होते, येथून खरा तपास सुरू होतो.

९. बाहेरून आलेला अहवाल केंद्रात पोहोचल्यावर प्रत्यक्षात काय होते?

प्रथम छाननी होते. प्रचालन अनुभव विभागातील व्यक्ती अहवाल वाचून तो आपल्याला लागू पडू शकतो का, हे ठरवते. लागू पडण्याची शक्यता असल्यास तो संबंधित विभागाकडे जातो. तेथे आपल्या यंत्रणेशी ताडून पाहणे, गरज असल्यास जागेवर जाऊन पाहणी, मग रचना, कार्यपद्धती किंवा प्रशिक्षण यांत बदल, आणि शेवटी तो बदल परिणामकारक ठरला का याची पडताळणी, असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्याला जबाबदार व्यक्ती आणि मुदत नेमलेली असावी लागते.

या लांबलचक वाटेला एक छोटी वाटही असते आणि ती फार मोलाची आहे. समजा, सकाळच्या पाळीत एक गट पंपाची झडप उघडून तपासणार आहे. कामापूर्वीच्या बैठकीत गटप्रमुख तशाच कामात दुसरीकडे घडलेली एक घटना दोन मिनिटांत सांगतो : तेथे नळात दाब शिल्लक होता आणि निचरा झडपेतून पाणी आले नाही म्हणून नळ रिकामा आहे असे गृहीत धरले गेले, प्रत्यक्षात निचऱ्याचे तोंड गाळाने बंद झाले होते. मग तो विचारतो, ‘आपल्याकडे नळ रिकामा असल्याचे आपण आणखी कशावरून ठरवणार आहोत?’ उत्तर फिटरने द्यायचे असते. त्या उत्तरासाठी त्याला दाबमापक कुठे आहे हे आठवावे लागते, आणि तेवढ्याने तो अनुभव कपाटातून बाहेर येऊन त्याच्या हातात पडतो. सूचना वाचून दाखवून सह्या घेतल्या, तर यातले काहीच घडत नाही.

१०. ‘हे आमच्याकडे लागू नाही’ असे लिहून अहवाल बंद करणे कधी योग्य असते?

ज्या यंत्रणेत दोष होता ती यंत्रणा आपल्याकडे नाही, आणि तो दोष ज्या विचारातून निर्माण झाला तो विचारही आपल्याकडे नाही, हे दोन्ही दाखवता आले तर. पहिली बाब सहज तपासली जाते, तर दुसरीकडे बहुधा कोणी पाहत नाही.

डिसेंबर १९९९ मधील वादळात फ्रान्समधील ब्लाये केंद्राच्या बंधाऱ्यावरून पाणी आत आले आणि केबल जाण्याच्या मार्गांवाटे खालच्या मजल्यांत शिरून सुरक्षेच्या काही पंपांपर्यंत पोहोचले. फ्रान्सने आपल्या सर्व केंद्रांच्या पूरसंरक्षणाचा फेरविचार केला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंपगृहात समुद्राचे पाणी घुसले. त्या वेळी चालू असलेली अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. ब्लायेला नदीमुखातील वादळ होते आणि कल्पाक्कमला त्सुनामी, पण दोन्हींचा धडा एकच होता : रचनेत धरलेल्या पातळीच्या वर पाणी येऊ शकते, आणि आले तर ते एकाच वेळी अनेक सुरक्षा यंत्रणा निकामी करते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा दाइइचीमध्ये त्सुनामीमुळे तळमजल्याखालील बहुतेक आपत्कालीन डिझेल जनरेटर आणि वीजवितरणाचे पॅनेल पाण्याखाली गेले. ‘आमच्याकडे तसे वादळ येत नाही’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरू शकते, ते असे.

म्हणून एक साधा नियम सुचवावासा वाटतो : ‘लागू नाही’ हे लिहिणाऱ्याने कारण लिहावे, आणि ते कारण त्या यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीने वाचून मान्य करावे.

११. धडा सर्वांना माहीत असूनही तीच घटना पुन्हा कशी घडते?

अमेरिकेतील सरी केंद्रात ९ डिसेंबर १९८६ रोजी अणुभट्टीबाहेरील पाणीपुरवठ्याचा नळ फुटला आणि चार कामगार दगावले. वेगाने वाहणारे पाणी कार्बन पोलादाच्या नळाची भिंत आतून हळूहळू पातळ करते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. जगभर तपासणीचे कार्यक्रम आखले गेले, जपानमध्येही.

तरीही ९ ऑगस्ट २००४ रोजी जपानच्या मिहामा केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये तसाच नळ फुटला आणि पाच कामगारांचा मृत्यू झाला. मुळात १० मिलिमीटर जाड असलेली भिंत सर्वांत पातळ जागी दीड मिलिमीटरचीही उरली नव्हती. फुटलेली जागा प्रवाहमापनाच्या चकतीच्या लगेच पुढे होती, म्हणजे भिंत पातळ होण्याची शक्यता जेथे सर्वाधिक, नेमकी तेथेच. कार्यक्रम होता, मार्गदर्शक सूचना होत्या, धडाही ठाऊक होता. केवळ ती एक जागा तपासणीच्या यादीत घालायची राहून गेली होती, आणि १९७६ मध्ये केंद्र सुरू झाल्यापासून तेथील जाडी कधीच मोजली गेली नव्हती. ही उणीव आधीच्या वर्षी लक्षात आली होती आणि येत्या नियोजित बंदच्या काळात तपासणी व्हायची होती. नळ फुटला तो त्या बंदच्या काही दिवस आधी, तयारीसाठी कामगार त्याच इमारतीत असताना.

धडा शिकला गेला की नाही, हे धोरणाच्या पातळीवर विचारून कळत नाही. यादीतील एकेक ओळ नळावरच्या एकेका जागेशी ताडून पाहावी लागते.

१२. हे अहवाल गोपनीय का ठेवतात? जनतेला ते वाचण्याचा हक्क नाही का?

दोन्ही बाजूंना वजन आहे. वानोचे अहवाल सदस्यांपुरते असतात आणि आयआरएसमधील अहवालही मर्यादित व्यक्तींनाच उपलब्ध असतात. कारण असे, की आपला मजकूर उद्या वर्तमानपत्रात किंवा न्यायालयात येईल अशी धास्ती असेल, तर लिहिणारा शब्द तोलून लिहितो आणि नेमका उपयोगी तपशील गाळला जातो. दुसरीकडे, शेजारी राहणाऱ्या नागरिकाला आपल्या केंद्रात काय घडले हे जाणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

मला पटणारी विभागणी अशी : घटना घडली, ती काय होती, तिचा परिणाम किती आणि त्यावर काय केले, हे सार्वजनिक असावे. अनेक देशांचे नियामक ते प्रसिद्धही करतात. आपसांतील निःसंकोच टीका, सहकाऱ्यांनी केलेल्या परीक्षणातील निरीक्षणे आणि व्यक्तींचे जबाब मर्यादित राहावेत. गोपनीयतेचा आधार घेऊन नियामकापासून मात्र काहीही लपवता येत नाही.

एक वेगळा अपवाद आहे. घटनेतून केंद्राच्या कडेकोट बंदोबस्तातील किंवा संगणक सुरक्षेतील कच्चा दुवा उघड होत असेल, तर तो तपशील वेगळ्या, अधिक बंदिस्त मार्गाने जातो आणि सर्वसाधारण अहवालात केवळ सुरक्षिततेचा धडा ठेवला जातो.

१३. चूक स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई होते का?

प्रामाणिक चुकीसाठी होऊ नये. तशी होऊ लागली, की अहवाल येणे थांबते आणि व्यवस्थापनाला सर्व काही सुरळीत चालले आहे असे वाटू लागते. तेच प्रशिक्षण, तीच सूचना आणि तोच थकवा असलेली दुसरी कुशल व्यक्ती त्या जागी असती, तर तिच्याकडूनही हीच चूक झाली असती का, हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तर सुधारणा व्यवस्थेत हवी.

अवघड प्रकरणे उरतातच. जाणूनबुजून नियम मोडणे, मद्यधुंद अवस्थेत काम करणे किंवा नोंदींत खाडाखोड करणे याला हे संरक्षण नाही. पण सर्वांनीच रोज वापरलेली, वरिष्ठांनाही ठाऊक असलेली पळवाट एका माणसाने वापरली आणि त्या दिवशी अंगाशी आली, तर एकट्यालाच नियमभंगासाठी धरणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ती पळवाट का लागत होती हे त्यामुळे कधीच कळत नाही.

१४. एखाद्याने घटना दडवली तर इतरांचे काय बिघडते?

जपानमधील शिका केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये १८ जून १९९९ रोजी, अणुभट्टी तपासणीसाठी बंद असताना, तीन नियंत्रक कांड्या आपोआप बाहेर सरकल्या आणि शृंखला अभिक्रिया सुमारे पंधरा मिनिटे सुरू राहिली. ही घटना दडवून ठेवली गेली आणि २००७ मध्ये उघड झाली. त्यानंतर सर्व कंपन्यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा फुकुशिमा दाइइचीच्या तिसऱ्या युनिटमध्ये १९७८ मध्येच कांड्या सरकून असे घडले होते, हे समोर आले. तेही इतरांना कळवलेले नव्हते. बंद अणुभट्टीत झडपा चालवण्याच्या क्रमामुळे कांड्या सरकू शकतात, हे १९७८ नंतर सर्वांना माहीत झाले असते, तर शिका येथील कर्मचाऱ्यांना दोन दशकांनंतर तो धोका अंधारात पत्करावा लागला नसता.

१५. सुधारणेनेच नवा धोका निर्माण झाला तर तो कोणी कळवायचा?

ज्याच्या लक्षात येईल त्याने, आणि मूळ घटनेइतक्याच गांभीर्याने. सुधारणांचे अनुभव फार कमी कळवले जातात, ही या व्यवस्थेतील मला सर्वांत जास्त खटकणारी उणीव आहे. घटना घडली की अहवाल निघतो, पण त्यानंतर बसवलेले उपकरण पाच वर्षांनी कसे चालले आहे, हे क्वचितच कोणी लिहितो.

तुंबणाऱ्या जाळ्यांचे प्रकरण (प्रश्न ५) येथे उपयोगी पडते. मोठ्या जाळ्या बसवल्यावर संशोधन पुढे सरकले आणि कळले, की विस्तीर्ण जाळीवर पसरलेला तंतूंचा पातळ थर बारीक कणांना अडवून प्रवाह मोठ्या प्रमाणात रोखू शकतो. अपघातानंतरच्या पाण्यातील रसायने आणि ॲल्युमिनियमसारखे धातू यांच्या अभिक्रियेतून साका तयार होऊन तो जाळीवर बसू शकतो, आणि जाळीतून निसटलेले तंतू थेट इंधनापर्यंत जाऊ शकतात. म्हणजे अडथळ्याची जागा बदलली होती, प्रश्न संपलेला नव्हता. काही केंद्रांनी मग जाळी आणखी मोठी न करता तंतुमय आवरणच काढून त्या जागी धातूचे आवरण बसवले.

अशा वेळी अहवालात मूळ घटनेचा संदर्भ आवर्जून द्यावा. ज्या केंद्रांनी पहिला धडा वाचून बदल केला, त्यांनाच दुसरा अहवाल सर्वांत आधी मिळायला हवा, आणि संदर्भ नसेल तर छाननी करणाऱ्याला त्या दोहोंचा संबंध लागत नाही.